हुरूप गेला म्हणतेस, पण थांबलीस कुठल्या ओळीवर?

अगं, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. थोडक्यात तुझं असं झालंय की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यूट्यूब बघून आधी क्रोशे आणि मग दोन सुयांचं विणकाम शिकलीस, दोन-तीन वर्षं झपाटल्यासारखं केलंस, ओळखीपाळखीच्या ऑर्डरी घेतल्यास, आणि आता आठ महिने झाले सुई हातात नाही. स्वतःसाठी घातलेला हळदी रंगाचा कार्डिगन अर्धवट पडलाय, लोकरीचे ११ गुंडे टोपलीत आहेत, टोपली दिसली की अपराधी वाटतं म्हणून ती बेडखाली ढकललीस. आणि विचारतेस की हुरूप परत आणायचा कसा, का सोडूनच देऊ सगळं.

मी नाशिकला असते. ३४ वर्षं विणतेय, त्यातली २२ वर्षं घरच्या हॉलमध्ये क्लास घेतेय. "ताई, मूडच लागत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मूडबद्दल मी काही विचारतच नाही. मी म्हणते वीण घेऊन ये. जिथे थांबलीस तिथे बोट ठेव आणि सांग, ही ओळ घालताना काय झालं होतं. दहातल्या सात-आठ जणींचं उत्तर तिथेच मिळतं. मनाबिनाचं नंतर बघू.

एक उदाहरण सांगते. माझ्याकडे एक जण यायची, बँकेत होती, हात इतका सुंदर की उलट बाजू बघितली तरी सुलट वाटावी. एक वर्ष गायब. मग फोनवर म्हणाली, आवडच गेली बहुतेक, नवऱ्याचा स्वेटर घेतला की डोकं दुखायला लागतं, ठेवून देते. म्हटलं घेऊन ये. काळी लोकर! तिचं वय ४३. अगं चाळिशी लागली होती बाईला, दुसरं काही नाही. काळ्या लोकरीत टाका दिसेना, ट्यूबलाइटखाली रात्री जेवणं झाल्यावर बसायची, डोळे ताणून ताणून दमायची आणि त्या दमण्याला ती कंटाळा म्हणत होती. चष्मा केला, मांडीवर पांढरा पंचा पसरून बसायला सांगितलं (गडद लोकर विणताना खाली पांढरं काहीतरी ठेवावं, टाक्यांच्या मधून उजेड आल्यासारखं दिसतं) आणि गडद रंग सकाळीच घ्यायचा असा नियम. तीन आठवड्यांत स्वेटर पुरा झाला. आणि ही बाई वर्षभर स्वतःला आळशी म्हणत बसली होती, विचार कर.

तसंच हाताचं. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, रात्री बोटांना मुंग्या येतात, सकाळी एखादं बोट वाकलं की सरळ होताना कट्‌कन वाजतं, असं काही आहे का तुला? मन फार हुशार असतं, ज्या कामाने दुखतं ते काम ते नावडतं करून टाकतं आणि आपल्याला वाटतं आवड गेली. थायरॉइड किंवा शुगर असलेल्या बायकांना हा त्रास जास्त होतो, त्यामुळे असं असेल तर आधी डॉक्टरला दाखव, विणकाम कुठे पळून जात नाही. दुखतंय तरी "दहा मिनिटं रोज कर" वगैरे सल्ले तुला इतर कुणी दिले तर सरळ कानाआड कर.

आता समज डोळे ठीक, हात ठीक. मग बघायचं ते वस्तूकडे. प्रत्येक वस्तूत एक अशी जागा असते की जिथे माणूस हमखास बसतो, आणि ही जागा शिकवताना कुणी सांगत नाही. टीपॉयवरचा गोल रुमाल घे. समज ४० फेऱ्यांचा आहे. २० फेऱ्या झाल्या की आपण खुश, अर्धा झाला! अर्धा कसला, पाव झालाय. फेरी दरवेळी मोठी होत जाते ना, पहिली फेरी मिनिटात आणि चाळिसावीला पाऊण तास. हिशेब मांडलास तर खरं अर्धं काम २८ व्या फेरीच्या आसपास होतं. म्हणून बायका विसाव्या ते तिसाव्या फेरीच्या मध्येच रुमाल सोडतात, मी इतके अर्धवट रुमाल बघितलेत की फेऱ्या न मोजता सांगेन. त्यांना वाटतं आपला उत्साह घटला. उत्साह तेवढाच असतो गं, फेरी लांबलेली असते. मानेपासून सुरू होणाऱ्या तिकोनी शालीचंही अगदी हेच, निम्म्या ओळी म्हणजे पाव शाल. हे आधी माहीत असलं की माणूस विसाव्या फेरीला स्वतःला शिव्या देत नाही, म्हणतो हं, आता चढ आहे, आणि दिवसाला एक फेरी असं धरतो.

तुझा कार्डिगन गळ्याकडून खाली विणायचा आहे असं लिहिलंयस, आणि अंग झालंय, बाह्या राहिल्यात. बघ, तू स्वतःच सांगितलंस की कुठे थांबलीस! बाह्या म्हणजे सगळ्यात फसवी जागा. अंग विणून झालं की घालून बघता येतं, आरशात बघून मन म्हणतं झालाच की, आणि खरं म्हणजे साधारण तिसरा हिस्सा काम अजून बाकी असतं. तेही छोट्या छोट्या गोलात, सगळं धूड मांडीवर घेऊन गरागरा फिरवत, आणि एक संपवली की अगदी तशीच दुसरी. पायमोज्यांचं पण हेच, एक मोजा उड्या मारत होतो आणि दुसऱ्याला सहा महिने. दुसऱ्या बाहीत नवीन काही कळायचं नसतं ना, पहिल्या बाहीत सगळी उत्सुकता संपलेली असते. यावर माझा उपाय म्हणजे दोन्ही बाह्या आलटून पालटून करायच्या. डावीच्या दहा सुया (म्हणजे दहा ओळी) झाल्या की उजवीच्या दहा. दोन्ही एकदम संपतात, "दुसरी" अशी काही उरतच नाही. आणि बाहीत टाके कुठे कमी केले ते कागदावर लिहायची गरज पण फारशी पडत नाही, शेजारीच दुसरी असते, तीत बघायचं.

पण मला तुझ्याबाबतीत दुसराच संशय आहे आणि तो जरा कडू आहे. तू लिहिलंयस "घालून बघितला, छान झालाय, जरा सैल वाटतो." त्या "जरा सैल"वर माझी नजर अडकली. तू वीण मोजली होतीस का सुरू करताना? १० सेंटिमीटरला २२ टाके पाहिजेत असं पॅटर्नमध्ये असेल आणि तुझे २० येत असतील तर ऐकायला दोनच टाक्यांचा फरक वाटतो. पण १९८ टाक्यांचा घेर २२ च्या हिशेबाने ९० सेंटिमीटर होतो आणि २० च्या हिशेबाने ९९. नऊ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक साइज मोठा. हाताला हे डोक्याच्या आधी कळतं. हात जाणून असतो की ही वस्तू बिघडलीये आणि पुढे घातलेला प्रत्येक टाका वाया जाणारे, म्हणून तो जागचा हलत नाही. आपण त्याला म्हणतो प्रेरणा नाही. मी हे स्वतः केलंय, एकदा नाही, चांगलं चार-पाच वेळा, माहीत असून. १० सेंटिमीटरचा चौकोन विणायचा कंटाळा आणि मग ५०० ग्रॅम लोकरीचं वाटोळं.

तेव्हा पहिलं काम हे. बेडखालून टोपली काढ, कार्डिगन टेबलावर सपाट पसर, ओढू नकोस, आणि पट्टी ठेवून मधल्या भागात १० सेंटिमीटरचे टाके मोज. काठाजवळ नको, तिथे वीण वेगळी बसते. आकडा चुकला असेल तर तुझा प्रश्न हुरूपाचा नव्हताच, उसवायचं धाडस होत नव्हतं एवढंच.

उसवणं. यावर थोडं जास्त बोलणार आहे.

इंग्रजीत विणणारी मंडळी उसवण्याला बेडकाचं नाव देतात, कारण म्हणे बेडूक "रिप इट रिप इट" असा ओरडतो आणि त्यांच्याकडे रिप म्हणजे उसव. आपला बेडूक बिचारा डराव डराव करतो त्यामुळे आपल्याला तो विनोद लागू नाही, पण रॅव्हेलरी या साइटवर विणकामांच्या चार अवस्था लिहिता येतात, चालू, पूर्ण, शीतनिद्रेत आणि उसवलेलं, आणि मला हे फार आवडतं. शीतनिद्रा आणि उसवणं या दोन्ही तिथे रीतसर अवस्था आहेत, लाज वाटायच्या गोष्टी नाहीत. आपल्याकडे मात्र अर्धवट वीण म्हणजे घरात सगळ्यांनी टोमणे मारायची वस्तू. "काय गं, तुझा तो स्वेटर नातवाला होणार का आता?" माझ्या सासूबाई म्हणायच्या, देव त्यांचं भलं करो, त्यांचा स्वतःचा एक क्रोशाचा गणपती १९८० पासून कापडात गुंडाळून कपाटात होता.

माझंही एकदा बंद पडलं होतं. २०१४ मध्ये. एका मुंजीच्या रिटर्न गिफ्टसाठी १५० हत्ती करायची ऑर्डर घेतली, की-चेनला लावायचे छोटे. हत्तीचं डोकं, दोन कान, एक सोंड. म्हणजे डोकी सोडली तरी ४५० तुकडे शिवायचे. एका हत्तीला सव्वा तास, हातात ५० दिवस, म्हणजे रोज पावणेचार तास, शिवाय घर, क्लास, स्वयंपाक. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये की अशी खेळणी कशी सुरू होतात, पहिल्या फेरीत सहा मुके खांब (क्रोशाचा एक छोटा टाका), दुसरीत बारा, तिसरीत अठरा. सहा, बारा, अठरा. सहा, बारा, अठरा. झोपेत पुटपुटायचे असं मिस्टर सांगतात. ऑर्डर वेळेत दिली, पैसे मिळाले, कौतुक झालं, मुंज छान झाली. एप्रिलमध्ये मी ती क्रोशाची सुई बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकली आणि डबा माळ्यावर.

१४ महिने. क्लास चालू होता हं, गंमत तीच. मुलींचे सुटलेले टाके उचलून द्यायची, नवीन वीण समजावून सांगायची, "रोज थोडं थोडं करत जा गं" म्हणून उपदेश पण करायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्वतःसाठी एक साखळी घातली नाही. लोकरीच्या दुकानावरून जायचं झालं तर पलीकडच्या फुटपाथने जायची, खोटं नाही सांगत.

आणि परत कशी आले, तर बोहारणीमुळे. २०१५ चा जून. पावसाळ्याआधी कपाट आवरायला काढलं होतं, जुन्या कपड्यांचं गाठोडं तयार, बोहारीण दारात, तिच्या टोपलीतला स्टीलचा डबा माझ्या मनात भरलेला. गाठोड्यात मिस्टरांचा १९९८ साली मी विणलेला स्वेटर होता, राखाडी, पुढे वेण्यांची वीण, शुद्ध लोकरीचा. कसर लागली होती, खांद्याला आणि एका बाहीला भोकं. वेखंड ठेवायला विसरले असणार कधीतरी. बोहारणीने तो उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला ठेवला. "हा नको ताई, ह्याला कसर हाय." डबा मिळाला नाही तो नाहीच, आणि स्वेटर हातात राहिला.

दुपारी काही काम नव्हतं. बसले शिवण सोडवत. शिवण सोडवताना वीण कापली जात नाही ना ते बघावं लागतं, फक्त शिवणीचा धागा कापायचा, त्यात डोकं गुंतलं. मग गळ्याकडून टोक सापडलं आणि ओढलं. अगं तो जो आवाज असतो ना, टर्र टर्र टर्र, टाके एकामागून एक सुटतानाचा, तो १४ महिन्यांत मी ऐकला नव्हता. लोकर मॅगीसारखी कुरळी निघत होती. खुर्चीच्या पाठीला गुंडाळत गेले. भोकापाशी धागा तुटायचा, मग दोन्ही टोकं जराशी उकलायची, पाणी लावायचं आणि तळहातावर जोरात चोळायचं, एकजीव होतात, गाठ नको (हे खऱ्या लोकरीलाच चालतं, ॲक्रिलिकला चोळत बसलीस तर हात सोलतील फक्त). आणि पाठीच्या मधोमध, नाही, पुढच्या डाव्या भागात, एका वेणीचा पीळ उलटा घातलेला सापडला. १७ वर्षं हा माणूस तो स्वेटर घालून ऑफिसला, लग्नाला, महाबळेश्वरला जात होता आणि कुणाच्या, अगदी माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी एकटीच हसत बसले होते हॉलमध्ये.

लडी चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात थोडा शांपू टाकून भिजवली, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढलं, सावलीत वाळत घातली आणि खाली पाण्याची छोटी बाटली लटकवली वजनाला. दोन दिवसांत बरीचशी सरळ झाली. ॲक्रिलिकचे कुरळे इतक्या सहजासहजी जात नाहीत, ते ध्यानात ठेव. आणि दुकानातला तयार स्वेटर उसवायला घेशील तर आधी शिवण बघ, कापून ओव्हरलॉक मारलेला असेल तर धागा सलग निघतच नाही, हातहातभर तुकडे पडतात.

तिसऱ्या दिवशी त्या लोकरीचे ३० टाके घातले. कशासाठी? कशासाठीच नाही. सगळ्या सुया सुलट, उलटसुद्धा नाही. तो पट्टा विणला, उसवला, परत विणला, वेगळी वीण घालून बघितली, उसवला. चार वेळा विणली ती लोकर आणि चार वेळा उसवली. पाचव्या वेळी माझे स्वतःचे पायमोजे. एक मोजा जुलैमध्ये झाला. दुसरा व्हायला डिसेंबर उजाडला, ते असू दे.

नंतर विचार केला तेव्हा कळलं की त्या लोकरीत नेमकं काय होतं. तिची किंमत शून्य होती, बोहारणीनेसुद्धा नाकारलेली. कुणाची ऑर्डर नव्हती, कुणाचं माप नव्हतं, तारीख नव्हती, फोटो काढायचा नव्हता. बिघडली तर बिघडली. हत्तींच्या आधी कितीतरी वर्षं मी असं काही हातात घेतलंच नव्हतं, प्रत्येक गुंडा कुणाच्या तरी नावाचा असायचा, भाचीचं दुपटं, शेजारणीचं तोरण, क्लासचा नमुना. तुझ्या टोपलीतल्या ११ गुंड्यांचं मला सांग, किती गुंडे नाव नसलेले आहेत?

ऑर्डरींबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास पण मला वाटतं गोम तिथेही आहे. बाळाचा सेट, स्वेटर-टोपडं-मोजे, ७०० रुपयांना देत होतीस असं लिहिलंयस. लोकर-बटणं ३०० धर. उरले ४००. असा सेट चांगला करायला १८ तास तरी लागतात, म्हणजे तासाला २२ रुपये. आणि वर मैत्रीण म्हणते "अगं ऑनलाइन साडेपाचशेला मिळतो." ऑनलाइनचा बहुतेक मशीनचा असतो, त्याची बरोबरीच नाही. आणि क्रोशाचं तर अजून खरं मशीनच नाही, दुकानात खरं क्रोशे दिसलं की ते कुणीतरी हातानेच केलेलं. आंध्रातल्या नरसापूर भागात हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून नगावर लेस करतात, त्यांच्या तासाचा हिशेब मांडला की दुकानातलं क्रोशे स्वस्त का ते कळतं. तर एकतर नीट दर लाव, तोंड वेडंवाकडं केलं तर करू दे, नाहीतर भेट म्हणून दे आणि पैशाचं नाव काढू नकोस. मधलं जे आहे ना, ओळखीत, कमी पैशात, वर उपकार केल्यासारखं, त्याने हात आटतो. निदान वर्षभर ऑर्डर बंद. विचारलंच कुणी तर सांग, ताईंनी मनाई केलीये.

रील्सचं काय सांगू, तुला माहितीच आहे. चार मिनिटांची सुई तिथे तीन सेकंदांत संपते, आणि शंभर रील सेव्ह केल्या की विणल्यासारखं वाटून भूक मरते. लोकर विकत घेण्याचंही तेच, तो एक वेगळाच छंद आहे, वाईट नाही, पण त्याला विणकाम समजू नये.

आता परत सुरू करताना एक चूक सगळ्या करतात, तू करू नकोस. आठ महिन्यांनी कार्डिगन उचलून सरळ पुढची सुई घालायची नाही. हात इतके दिवस बंद असला की ताण बदलतो, बहुतेक वेळा घट्ट होतो, आणि जुन्या-नव्या कामाच्या मध्ये एक रेष दिसते, धुतली तरी पुरती जात नाही. आधी आठ-दहा दिवस दुसऱ्याच कशावर तरी हात फिरव, भांडी पुसायचं फडकं विण सुती दोऱ्याचं, काहीही. मग कार्डिगनच्या बाहीचे टाके जर सुईवरच राहिले असतील तर ती ओळ ताणून मोठी झालेली असते आणि घडी पण पडलेली असते, तेव्हा दोन सुया मागे उसवून तिथून टाके उचल. कुठली सुई वापरली होतीस ते आठवत नसेल (नाहीच आठवणार, आणि बहुतेक ती सुई दुसरीकडे वापरायला काढली असशील) तर झालेल्या भागाशी ताडून बघ. आणि यापुढे जेव्हा ठेवशील तेव्हा एक चिठ्ठी त्यातच पिन लावून ठेवायची, सुईचा नंबर, कितवी ओळ, पुढे काय करायचं, आणि का थांबले. शेवटचं महत्त्वाचं. अर्धवट काम परत उचलायचा निम्मा कंटाळा हा आपण कुठे होतो ते शोधण्याचा असतो.

शिवाय ऋतू बघ. तू मुंबईत राहतेस. मे महिन्यात घामट हातात लोकर घेतली तर कुणाचाही हुरूप जाईल, सुया घसरत नाहीत, लोकर चिकटते, मांडीवर अर्धा स्वेटर म्हणजे शेकोटी. मी स्वतः होळीनंतर लोकर बंद करते आणि सुती दोरा काढते, रुमाल, लेस, तोरण, आणि लोकर परत नवरात्रात. वर्षातले सहा महिने लोकर नको वाटणं ही चांगल्या तब्येतीची खूण आहे.

आणि "सोडूनच देऊ का" याचं उत्तर. देऊ शकतेस की. माझ्या क्लासमधल्या दोघी-तिघींनी सोडलं, एक आता चिनी मातीची भांडी करते आणि मजेत आहे. शिकलेलं हातातून जात नाही, दहा वर्षांनी सुया घेतल्यास तरी एक सुलट एक उलट येईलच. फक्त सोडायचं तर ती टोपली बेडखाली ठेवून सोडू नकोस, गुंडे कुणालातरी देऊन टाक, आणि द्यायच्या आधी लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे रंगवण्याच्या खेपेचा नंबर, बघ, एका लॉटचे एकत्रच दे, नाहीतर घेणारी शिव्या देईल.

एक मात्र विचारते, चोंबडी म्हणू नकोस. फक्त विणकामच नकोसं झालंय का बाकीचंही? जेवण, झोप, माणसं, सिनेमा, सगळ्याचीच चव गेली असेल आणि ते आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर माझ्या पट्टीने आणि पंच्याने काही होणार नाही. मग डॉक्टरशी बोल, किंवा सरकारची टेलिमानस म्हणून फोनसेवा आहे, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. हे लिहायला मी कचरत नाही कारण सासूबाई गेल्या तेव्हा मिस्टरांचं तसं झालं होतं आणि आम्ही सगळे "वेळ जाईल तसं बरं होईल" म्हणत फार दिवस काढले.

तसं काही नसेल तर आज एवढंच कर. कार्डिगन सपाट पसरून दोन फोटो टाक. एक छातीच्या मधोमध पट्टी ठेवून, टाके मोजता येतील इतक्या जवळून. दुसरा मुंढ्यापाशी, जिथे बाहीचे टाके अडकवून ठेवलेत तिथला, आतल्या बाजूने. फ्लॅश नको, खिडकीशी घे. फोटो बघून सांगते, बाह्या करायच्या का गळ्यापर्यंत उसवायचा.